वरच्या उताराची सकाळ

सुट्टी घेतली की मी आजारी पडतो, हे बायकोला आता पाठ झालं आहे. गणपतीला ताप, दिवाळीला घसा. वर्षभर ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत माझं शरीर मुकाट्याने बसून असतं आणि रजेचा अर्ज मंजूर झाला की बंड करतं. त्यामुळे जानेवारीत आम्ही गुलमर्गला निघालो तेव्हा तिने माझ्या बॅगेत स्वेटरांपेक्षा गोळ्याच जास्त भरल्या. ती स्वतः येऊ शकत नव्हती. तिच्या शाळेत दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर होते, आणि ते तपासायला दरवर्षी तिच्याशिवाय कोणी सापडत नाही.

म्हणून तिघंच निघालो. मी, नववीत शिकणारी माझी मुलगी आणि माझे वडील, ज्यांना आमच्याकडे सगळेच आबा म्हणतात.

बर्फावर स्कीइंग शिकायचं हे मुलीच्या डोक्यात वर्गातल्या एका मैत्रिणीने भरवलं होतं. मुलांसाठी पाच दिवसांचा कॅम्प होता. मी आधी नाही म्हणालो, मग बघू म्हणालो, आणि माझ्या 'बघू'चा अर्थ काय असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आबांनी जेवताना ताटावरून मान न उचलता सांगितलं, "जाऊ दे तिला. म्या जातो संगं." एकाहत्तर वर्षांचा, दोन्ही गुडघे गेलेला माणूस नातीला घेऊन काश्मीरला जाणार आणि बाप ऑफिसात बसणार, हे शेजारीपाजारी सांगायला बरं दिसलं नसतं. मी रजा टाकली. उगाच मोठेपणा कशाला घ्या, कारण तेवढंच होतं.

आबा वाशीच्या मार्केटात माथाडी होते. पस्तीस वर्षं त्यांनी कांद्या-बटाट्याच्या गोण्या पाठीवर वाहिल्या, ट्रकमधून गाळ्यात आणि गाळ्यातून टेम्पोत. साताऱ्याकडून आलेल्या बारा-चौदा जणांची त्यांची टोळी, आणि टोळीत सगळं नंबराने चालायचं. कुठली गाडी कोणी उतरवायची, आज आधी कोण आणि उद्या कोण, हे ठरलेलं. कोणाला कितीही घाई असो, नंबर तोडायचा नाही. मी सहावीत असताना आबांनी एकदाच तो तोडला. गावच्या जत्रेला लवकर निघता यावं म्हणून दुसऱ्यांच्या वाट्याची गाडी त्यांनी भल्या पहाटे उतरवून टाकली. टोळीने त्यांना आठ दिवस कामाविना बसवलं. आमचं तेव्हा कोपरखैरण्यात माथाडींच्या चाळीत बैठं घर होतं. आबा दाराच्या पायरीवर बसून असायचे, आणि समोरून जाणारा टोळीतला एकही माणूस त्यांच्याकडे बघायचा नाही. आत आई भांडी आपटत असायची. टोळी सगळी गावाकडचीच, त्या तोंडाने जायचं कसं, म्हणून जत्राही हुकली ती हुकलीच. आजी गेली तेव्हासुद्धा मी आबांना इतकं पडलेलं पाहिलं नव्हतं.

आता त्याच घरावर दोन मजले चढवून आम्ही राहतो. मी सकाळी साडेसातला बाहेर पडतो आणि परततो तेव्हा मुलीचं जेवण झालेलं असतं. तिच्या पालकसभेला आबा जातात. स्पोर्ट्स डेला आबा. शेजारच्या बोनकोडे गावातल्या गल्ल्यांतून सायकलच्या मागे धावत तिला सायकल शिकवली तीही आबांनीच, तेव्हा गुडघे जरा बरे होते. मला हे सगळं सोयीचं होतं. वाईट वाटायचं, पण संध्याकाळच्या मीटिंगमध्ये वाईट वाटायलाही वेळ लागतो.

गुलमर्गबद्दल लोक फार गोड बोलतात. मला आठवतो तो भाड्याच्या कोटाचा वास. माझ्याआधी निदान शंभर जणांनी त्यात घाम गाळलेला असणार. गमबूट एक नंबर मोठे, हॉटेलच्या खोलीत हीटर एका कोपऱ्यात आणि पलंग दुसऱ्या, आणि खिडकीबाहेर डोळे दुखतील एवढं पांढरं. केबल कारसाठी लोकांची रांग लागलेली, चौकाचौकात फोटो काढणारे, बर्फात मॅगी उकळणारे, घोडेवाले, आणि लाकडी घसरगाड्या दोरीने ओढणारे काश्मिरी. मला फक्त झोपायचं होतं. पण साहेबांनी निघताना सांगितलं होतं, "तू एन्जॉय कर, फक्त रोज एक छोटासा कॉल." तो छोटासा कॉल रोज दीड तासाचा व्हायचा. मी रजाईत पाय घालून, कानात हेडफोन अडकवून, काचेपलीकडे पडणाऱ्या बर्फाकडे बघत कुठल्या तरी रिपोर्टचा खुलासा करत बसायचो.

हॉटेलच्या समोरच सपाट मैदान होतं, त्याला लागून नवशिक्यांचा छोटा उतार. तिथे मुलांचा वर्ग भरायचा. सगळ्यांना सारखीच लाल जाकिटं, सारखीच हेल्मेटं, डोळ्यांवर मोठे काळे चष्मे, बाहीवरच्या पट्टीचा रंग तेवढा वेगवेगळा. आबा मैदानाच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची टाकून, वर ब्लँकेट पांघरून सकाळपासून दुपारपर्यंत बसायचे. मी खिडकीतून हात केला तर त्यांचं लक्षही नसायचं. संध्याकाळी दोघांचं पारायण सुरू व्हायचं. "गुडघं वाकीव. ताठ हुबी ऱ्हायलीस की पडलीसच," असं आबा तिला समजवायचे, आणि आमचे सर पण हेच सांगतात म्हणून ती हसायची. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघणारा माणूस स्कीइंग शिकवत होता आणि शिकणारी ते ऐकून घेत होती. मी पलीकडे बसून सूप प्यायचो.

तिसऱ्या दिवशी ती जोरात आपटली. मनगटाला मार लागला, फार नाही, पण धास्ती बसली. शेवटच्या दिवशी मुलांना वरच्या मोठ्या उतारावरून खाली यायचं होतं. ज्याला भीती वाटेल त्याने नाही आलं तरी चालेल, असं शिक्षकांनी सांगितलं, आणि ती लगेच म्हणाली, मी नाही येत. रात्री ताटातलं अर्धं तसंच टाकून उठली. चौथ्या दिवशी संध्याकाळी मात्र आबांच्या खुर्चीच्या हातावर बसून तिने सांगितलं, "आबा, उद्या तुम्ही वर येता का? तुम्ही उताराच्या खाली उभे दिसलात ना, तर मी उतरेन."

"यिन की," आबा म्हणाले.

मी समोरच होतो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रागावली होती असं नाही, तिला सुचलंच नाही. मला बापाचा हेवा वाटला, सख्ख्या बापाचा, आणि त्याची लाजही वाटली. मग मी मनाशी ठरवलं की निदान एवढं तरी करायचं. आबांना साडेअकराच्या आत, म्हणजे मुलं उतरायला लागायच्या आधी, वरच्या उताराच्या पायथ्याशी नेऊन उभं करायचं. तिने बघितलं की आबा आहेत, की तिला हेही कळेल की त्यांना आणलं कोणी.

वरच्या उताराचा पायथा हॉटेलपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या चढावर होता. गाडी तिथे जात नाही. आबांचे गुडघे असे, म्हणजे घसरगाडी हाच मार्ग. हा प्रकार आबांना पटायचा नाही, माणसाने माणसाला ओढायचं हे त्यांना सहन होणार नाही, अशी माझी समजूत होती. त्यांची समजूत घालायला मी चार वाक्यं तयार ठेवली होती. आबा म्हणाले, "पस्तीस वरसं म्या वाह्यलं. आता येक दिस मला कोन वाहत आसंल तर वाहू दे की." माझी चारही वाक्यं तशीच राहिली.

शेवटच्या दिवशी मुलांना शिक्षक आठलाच वर घेऊन गेले. नऊला माझा कॉल होता. वीस मिनिटांत संपवतो म्हणून बसलो. आबा कोट घालून, मफलर गुंडाळून, गमबूट चढवून खालच्या सोफ्यावर तयार बसले होते. मी उतरलो तेव्हा सव्वादहा वाजून गेले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला, उठवून घे म्हणून.

घसरगाड्यांच्या तळावर ही गर्दी. पत्र्याच्या शेडखाली एक म्हातारा वही घेऊन बसला होता. तिथेही नंबर. ओढणाऱ्यांची नावं वहीत ओळीने लिहिलेली, गिऱ्हाईक आलं की वरचं नाव पुकारायचं, तो माणूस गेला की पुढचा. आमच्याआधी गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि वर गेलेल्या गाड्या परत यायच्या होत्या. म्हाताऱ्याने हाताने थांबायची खूण केली. आबांचा चेहरा मात्र खुलला.

"बग, हितंबी टोळी हाय," ते मला म्हणाले, आणि म्हाताऱ्याशेजारी बाकावर जाऊन बसले. म्हाताऱ्याने कपड्यांच्या आतली निखाऱ्यांची कांगडी बाहेर काढून त्यांच्या हाताशी धरली. आबांना मार्केटमधलं हिंदी येतं, म्हाताऱ्याला टुरिस्टांपुरतं. "हमारे में भी ऐसाच," आबा सांगत होते. "नंबर तोडा तो बिठाके रखते." म्हाताऱ्याने समजल्यासारखी मान हलवली. दोन मामलेदार भेटावेत तसे दोघं बोलत बसले.

माझं लक्ष घड्याळाकडे. पावणेअकरा झाले. मी शेडच्या मागे गेलो. तिथे चहाच्या टपरीआड एक घसरगाडीवाला उभा होता, चाळिशीचा, दाढी बर्फाने पांढरी झालेली. त्याने हळूच विचारलं, ऊपर जाना है? मी नंबराचं विचारलं. तो म्हणाला, वो छोडो साहब, पीछे से निकल जाएंगे. मी एक क्षणही थांबलो नाही. रोज रिक्षाच्या रांगेत जे करतो तेच केलं. आबांना येऊन सांगितलं की आपली गाडी लागली, पलीकडे उभी आहे. म्हातारा तेव्हा दुसऱ्या कोणाचं तरी नाव लिहून घेत होता. आबांनी त्याला रामराम केला.

गाडी म्हणजे काय, चार फळ्या आणि खाली लोखंडी पट्ट्या. आबा ऐटीत बसले. पुढे तो दोरी खांद्यावरून घेऊन ओढत होता, मी मागून चालत होतो. देवदाराच्या झाडांतून वाट, दोन्ही बाजूंना कमरेएवढा बर्फ. मला धाप लागत होती, तरी बरं वाटत होतं, आता पोचू. आबा मधूनच त्याला "आराम से, आराम से" म्हणत होते आणि एकदा थांबवून त्यांनी त्याची दोरी नीट करून दिली, खांद्याच्या हाडावरून सरकवून मानेच्या जवळ.

अर्ध्यावर वरून दोन रिकाम्या गाड्या उतरल्या. त्या ओढणाऱ्यांनी आमच्या माणसाला बघितलं आणि थांबले. काश्मिरीत काहीतरी बोलाचाली सुरू झाली. मला एक अक्षर कळलं नाही. आमचा माणूस मान खाली घालून उभा. त्यातल्या एकाने आबांकडे बोट दाखवलं, मग खाली शेडच्या दिशेने, आणि दोघं बर्फावर थुंकून निघून गेले.

आबांना भाषेची गरज पडली नाही. "नंबर तोडून आनला व्हय रं ह्याला?" त्यांनी मला विचारलं.

"आबा, उशीर झालाय. सव्वाअकरा वाजतायत."

"तोडला का न्हाई ते सांग."

मी होय म्हणालो. आबांनी दोन्ही हात फळीवर टेकले, एक पाय बर्फात टाकला, तो गुडघ्यापर्यंत आत गेला, मग दुसरा टाकला. तो माणूस मदतीला पुढे आला तर आबांनी त्याच्याच खांद्याला धरून तोल सावरला.

"पोरगी वर वाट बघतेय," मी म्हणालो. "तिने तुम्हाला बोलावलंय. मला नाही."

"मला ठावं न्हाई व्हय?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. त्यांनी वर, झाडांच्या पलीकडे पाहिलं. जावंसं त्यांना किती वाटत होतं ते तोंडावर उघड दिसत होतं. "ह्याला आता बसवत्याल. त्या म्हाताऱ्याला काय तोंड दावू? तू जा. म्या नंबरानं येतो."

माझा पारा चढला. थंडी, धाप, सकाळचा कॉल, सगळं एकदम वर आलं. मी म्हणालो, "तुमच्या टोळीत आता कोणी उरलं तरी आहे का? कोणाला दाखवताय हे?"

आबा मला फक्त गाडीवाल्याची मजुरी पुरती दे म्हणाले, आणि त्याचा दंड धरून एकेक पाऊल खाली टाकायला लागले. रिकामी गाडी त्यांच्या मागून घसरत गेली. मी चढायला लागलो, कारण दोघांपैकी एकाने तरी तिथे असायला हवं होतं.

पोचलो तेव्हा छाती फुटेल असं वाटत होतं. मुलं सुटायला लागली होती. वरच्या कड्यावर लाल ठिपक्यांची रांग, शिक्षक शिट्टी वाजवायचा आणि एक ठिपका सुटायचा. खाली आई-बाप फोन धरून उभे. मीही फोन काढला. आबांना दाखवता येईल, मी मनात म्हटलं. सगळं भरून निघेल.

तिसरी की चौथी मुलगी सुटली तेव्हा मी ओळखलं. उंची तीच, हेल्मेटखालून बाहेर आलेली वेणी तीच. सुरेख उतरली. वळणं घेताना गुडघे वाकवून, कुठेही न अडखळता, जणू जन्मभर हेच करत आली होती. मी व्हिडिओ काढत होतो आणि ओरडत होतो, "शाब्बास, शाब्बास." आजूबाजूची माणसं माझ्याकडे बघून हसली. खाली पोचल्यावर तिने माझ्या दिशेने जरा गोंधळून हात केला आणि पुढे आपल्या घोळक्यात गेली. माझे डोळे भरून आले. आबा नव्हते तरी ती उतरली होती, आणि मी ते पाहिलं होतं. कित्येक महिन्यांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. मी एका ओंडक्यावर बसलो आणि बाकीची मुलं उतरत राहिली, त्यांच्याकडे माझं फारसं ध्यान नव्हतं.

आबा आले तेव्हा पाऊण वाजत आला होता. वेगळी गाडी, वेगळा माणूस. उतार रिकामा झाला होता आणि मुलांना गरम दूध वाटत होते. त्या घोळक्यातून माझी मुलगी धावत आली, गमबुटांत अडखळत, आणि आबांच्या गळ्यात पडली.

"आबा, उतरले मी."

"उशीर जाला गं मला. बगायचं ऱ्हायलं."

"असू दे. एकदा पडले, पण उठले लगेच."

मला ते ऐकू आलं, पण मी माझ्याच तंद्रीत होतो. "राहिलं कसं?" मी म्हणालो. "मी सगळं काढलंय." आणि फोन पुढे केला. उन्हात काही दिसेना म्हणून मी हाताचा आडोसा केला. तिघांची डोकी पडद्यावर वाकली. लाल जाकीट सुटलं, वळलं, पुन्हा वळलं, खाली आलं. आत माझाच आवाज, शाब्बास, शाब्बास. जवळ आली तसं तिच्या बाहीवर रुंद पिवळी पट्टी दिसली.

मी मान वर केली. मुलीच्या बाहीवरची पट्टी हिरवी होती. तिने माझी नजर कुठे गेली ते पाहिलं आणि हात हळूच पाठीमागे नेला.

"हो, मीच," ती आबांना म्हणाली. "बघा, वळताना किती घाबरलेय."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. "व्हय," ते म्हणाले. "पर झ्याक वळलीस."

दोघांनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मी फोन बंद केला. खरं बोलायला तोंड उघडलं, पण त्या दोघांनी माझ्यासाठी इतकं नीट झाकलं होतं की ते उघडायचा धीर झाला नाही.

मुलगी माझ्याकडे वळली. "पप्पा, तुम्ही दमला असाल ना चढून," तिने विचारलं. "बसा, मी तुमच्यासाठी चहा आणते." आमच्याकडे पाहुणे आले की ती याच आवाजात बोलते.